चित्रातली, शिल्पातली विवस्त्र स्त्री : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चित्रकला शिकवते आणि अधूनमधून रविवारी लोकांना खिद्रापूरला कोपेश्वराचं देऊळ दाखवायला नेते. वर्गात आणि देवळात जे कुणी तोंडावर विचारत नाही, ते मग व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. बहुतेक रात्री दहानंतर, आणि "मॅडम, गैरसमज नको" अशी सुरुवात करून. तेच ते प्रश्न इथे एकत्र केलेत. भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे.

१. नग्न आणि अश्लील यात फरक काय? शेवटी एकच ना?

एकच असतं तर मराठीला इतके शब्द लागले नसते. अंघोळीला निघालेलं पोर नागडं असतं, जैन मुनी दिगंबर असतात, चित्रातली बाई विवस्त्र किंवा अनावृत असते. आणि ज्याला फसवून लुटलं तो नागवला जातो. या शेवटच्या शब्दात कपड्यांचा संबंध उरलेला नाही, दुसऱ्याने केलेली जबरदस्ती तेवढी उरली आहे. चित्रासमोर उभं राहिलं की मी स्वतःला हेच विचारते: ही बाई विवस्त्र आहे, की हिला कुणी नागवलंय?

'अश्लील' हा शब्दही उलगडून बघा. मुळात तो 'अश्रील', म्हणजे ज्यात श्री नाही ते. संस्कृत काव्यशास्त्राने या दोषाचे तीन प्रकार सांगितले: लाज आणणारं, किळस आणणारं आणि अमंगल. आपण पहिलाच धरून बसलोय. अपघाताचे रक्ताळलेले फोटो सकाळी सकाळी फॅमिली ग्रुपवर टाकणारे काका उरलेल्या दोन्हींत बसतात, त्यांना मात्र कुणी अश्लील म्हणत नाही.

२. खरं सांगतो, असं चित्र बघताना मनात 'तसं' येतं. म्हणजे मला कला कळत नाही का?

"कलेकडे शुद्ध नजरेने बघा, मनात विकार नको" हे मी विद्यार्थ्यांना सांगणं कधीच बंद केलं. शृंगार हा आपल्याकडे रसांत पहिला मोजतात. अजिंठ्याच्या चितारींनी आणि खिद्रापूरच्या शिल्पींनी त्या बायका देखण्या आणि हव्याशा वाटाव्यात अशाच केल्या आहेत. त्यांनी कष्टाने आणलेलं तुम्हाला जाणवलं, तर त्यात शरमण्यासारखं काय आहे?

पुढे काय होतं ते महत्त्वाचं. ते आलं आणि बघणं तिथेच संपलं, तर चित्र वाया गेलं. ते आलं आणि पाच मिनिटांनी तिच्या कोपराची ठेवण, चेहऱ्यावरचा कंटाळा, मागच्या भिंतीचा रंग दिसू लागला, तर चित्राने आपलं काम केलं. पाच मिनिटं बघूनही दुसरं काही सापडलंच नाही, तर दोष तुमचा असेलच असं नाही. काही चित्रांत दुसरं काही नसतंच. अंगभर ओली साडी नेसवलेल्या कितीतरी कॅलेंडरांत ते नव्हतं.

३. मग बघायचं काय? सुरुवात कुठून करू?

पायांपासून. गंमत करत नाही. उभ्या बाईचं वजन कुठल्या पायावर आहे ते आधी शोधा. एका पायावर भार आला की त्या बाजूचा कटिभाग वर उचलला जातो, तोल सांभाळायला खांदा उलट बाजूला झुकतो आणि मान परत पहिल्या बाजूला येते. शरीरात तीन ठिकाणी बाक पडतो. आपण ज्याला त्रिभंग म्हणून नमस्कार करतो ते हेच. बसची वाट बघत उभी असलेली कुठलीही बाई दहा मिनिटांत त्रिभंगात येते.

मग कमरेकडे या. चांगल्या शिल्पीने घडवलेली मेखला दगडावर नुसती कोरलेली नसते, ती मांसात किंचित रुतलेली असते आणि तिच्या वर पोट जरासं फुगतं. पाटण्याजवळ दीदारगंजला १९१७ साली सापडलेली यक्षी बघा. आरशासारखी झिलई दिलेला चुनारचा वालुकाश्म, हातात चवरी, आणि पोटावर, गळ्यावर बारीक वळ्या. दगडाला वळ्या पडत नाहीत. कुणीतरी त्या खऱ्या बाईच्या अंगावर पाहिल्या, लक्षात ठेवल्या आणि दगडात आणल्या. सौंदर्य बघायचं म्हणजे मुख्यतः हे: त्या कारागिराने काय काय पाहिलं होतं ते आपण पुन्हा पाहायचं.

४. आर्ट स्कूलमध्ये 'न्यूड स्टडी' असते. तिथे नेमकं काय चालतं?

ऐकणाऱ्याला वाटतं त्याच्या एक दशांशही नाही. मधोमध लाकडी प्लॅटफॉर्म, त्यावर मॉडेल, भोवती डाँकीवर (बसून चित्र काढायच्या लाकडी बाकावर) बसलेली किंवा ईझलशी उभी पोरं. दार बंद, फोन बाहेर. पोझ ठरली की मॉडेलच्या पावलांभोवती खडूने खूण करतात, म्हणजे विश्रांतीनंतर पाय पुन्हा तिथेच ठेवता येतात. वीस-पंचवीस मिनिटांनी विश्रांती, मग पुन्हा तीच पोझ. पहिली काही मिनिटं वर्ग अवघडलेला असतो. मग कोळशाची खरखर सुरू होते आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच काळजी उरते: डोकं मोठं झालं, आता पाय कागदात मावायचे कसे?

माझ्या पहिल्या दिवसातलं एक अजून डोळ्यांसमोर आहे. मावशी (मॉडेलला सगळे मावशीच म्हणायचे) प्लॅटफॉर्मवर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या कमरेभोवती परकराच्या नाडीचा लालसर वळ होता. नाडीचा पीळसुद्धा उमटलेला. मी तो मन लावून काढला. अर्ध्या तासाने वर पाहिलं तर वळ निघून गेला होता आणि माझ्या कागदावर तेवढा राहिला. सर मागे येऊन थांबले. म्हणाले, "नाडी छान काढलीस, आता बाई काढ."

मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात जिवंत विवस्त्र मॉडेलवरून अभ्यास रुळला तो १९१९ साली प्रमुखपदी आलेल्या ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात. आणि त्याच संस्थेचे ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होते. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीच्या अनावृत राण्या आमच्या पोरांनी आधी काढल्या, समोर बसलेली बाई काढायला आणखी निदान चाळीस-पंचेचाळीस वर्षं लागली.

५. कपडे घातलेल्या मॉडेलवरून शिकता येत नाही का?

येतं, आणि इथे माझ्याच बाजूला थोडा धक्का बसतो. गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ च्या सुमारास, जे.जे.त विद्यार्थी असताना 'मंदिरपथगामिनी' घडवली. पूजेला निघालेली मराठी स्त्री, अंगभर नेसलेली. पण निऱ्यांखाली गुडघा कुठे आहे ते लांबूनही कळतं. तेव्हा विद्यार्थी ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून शिकत. म्हणजे अभ्यास उघड्या शरीराचाच होता, फक्त ते शरीर प्लास्टरचं होतं.

प्लास्टर दमत नाही, त्याचा श्वास वरखाली होत नाही, अर्ध्या तासाने त्याचा खांदा उतरत नाही. ज्याला शरीर समजून कापड रंगवायचं आहे त्याने निदान एकदा तरी जिवंत मॉडेलसमोर बसावं, असं मी म्हणेन.

६. आम्ही कलेच्या गप्पा मारतो, पण मॉडेल म्हणून बसणाऱ्या बाईचं काय?

हा प्रश्न फार थोडे विचारतात. बसणाऱ्या बऱ्याच बायका आधी झाडलोट, धुणीभांडी करणाऱ्या. घरी खरं काम सांगितलेलं नसतं. आमच्या मावशींच्या घरी त्या "कॉलेजात साफसफाईला" होत्या. मी शिकले तिथे कपडे बदलायला स्वतंत्र खोली नव्हती, जुन्या पडद्याआडची जागा होती. डिसेंबरात हीटर मागितला तर अर्ज द्यायला सांगत. वर्गात त्यांच्याकडे बघण्याबद्दल आम्हाला धडे मिळाले, त्यांच्याशी वागण्याबद्दल एकही नाही.

चित्र कला झालं की नाही ते नंतर ठरवू. आधी हे ठरलेलं असावं: बसणारीला काय काम आहे ते पूर्ण सांगितलंय, मोबदला आधी बोललाय, ती मधेच "आज नको" म्हणू शकते आणि तिच्या परवानगीशिवाय कुणी फोटो काढत नाही. यातलं एक जरी नसेल, तर कागदावर कितीही सुंदर रेषा असो, प्रश्न १ मधला 'नागवणं' हाच शब्द तिथे लागू पडतो.

या विषयावरचा रवी जाधव यांचा 'न्यूड' चित्रपट बऱ्याच जणांनी पाहिला असेल. २०१७ साली गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात निवड होऊनही तो वगळला गेला. पुढे सेन्सॉरने तो विनाकात्री, प्रौढांसाठी म्हणून मंजूर केला आणि २०१८ मध्ये तो लागला.

७. लेण्यांत, देवळांत इतकं उघडपणे आहे. म्हणजे पूर्वी समाज जास्त मोकळा होता का?

हा निष्कर्ष मी काढत नाही. देवळाच्या बाह्यभिंतीवर सुरसुंदरी, म्हणजे कोरलेल्या अप्सरा, आहेत, त्याच काळातल्या बायकांना घराबाहेर किती मोकळीक होती हे भिंत सांगत नाही. सुरसुंदरी म्हणजे ठरावीक भूमिकाही असतात. आरसा धरलेली दर्पणा, पत्र लिहिणारी पत्रलेखा, लेकरू घेतलेली पुत्रवल्लभा, न्हाऊन केस पिळणारी. विदर्भात मार्कंडा, मराठवाड्यात निलंगा, धर्मापुरी, ठाण्याकडे अंबरनाथ, आमच्याकडे खिद्रापूर, कुठेही जा, त्यांची गाठ पडते. त्या कुणाकडे बघत नाहीत हे लक्षात घ्या. प्रत्येकीला काहीतरी काम आहे. एकीच्या पायात काटा रुतलाय, ती तो काढतेय, आणि आपण गेलो म्हणून ती थांबत नाही.

वस्तू जागा बदलते तसा तिचा अर्थही कसा बदलतो, याचं माझं आवडतं उदाहरण पाँपेईचं. ज्वालामुखीने इसवी सन ७९ मध्ये गाडलेल्या त्या इटालियन शहरात १९३८ साली एक हस्तिदंती स्त्री सापडली. वीतभरापेक्षा थोडी मोठी, दागिन्यांनी मढलेली, बाकी विवस्त्र, दोन बाजूंना शृंगाराचं साहित्य धरलेल्या दासी. अगदी तिच्या जातकुळीच्या हस्तिदंती मूर्ती आपल्या तेरला आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. अभ्यासकांच्या मते ती एखाद्या टेबलाचा किंवा स्टुलाचा पाय असावी. म्हणजे इथे घरातलं सामान. आणि नेपल्सच्या संग्रहालयात ती ठेवली कुठे, तर कामुक वस्तूंच्या 'गुप्त दालना'त.

८. लज्जागौरीही नग्न असते. तिला याच यादीत धरायचं का?

नको. डोक्याच्या जागी कमळ, पाय फाकलेले, प्रसूतीच्या अवस्थेतली ही देवी बघून सुंदर-असुंदर म्हणायला ती घडवलेलीच नाही. तिला लोणी लावतात, कुंकू वाहतात, मूल मागतात. तेरला तिच्या मूर्ती मिळाल्यात, बदामीच्या संग्रहालयात मोठी आहे. रा. चिं. ढेरे यांचा 'लज्जागौरी' हा ग्रंथ वाचा, मी इथे चार ओळींत सांगून त्या विषयाची वाट लावणार नाही. उघडं शरीर दरवेळी 'सौंदर्य' किंवा 'वासना' या दोनच खणांत बसत नाही, एवढं तिच्याकडून घ्या.

९. दरवेळी बाईच का? पुरुष का नाही?

पुरुष आहे की, आपल्याला दिसत नाही एवढंच. श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर ५७ फूट उंच आणि संपूर्ण विवस्त्र. त्याच्या पायाशी 'श्रीचामुंडराजें करवियलें' ही मराठीतल्या सर्वात जुन्या वाक्यांपैकी एक ओळ कोरलेली आहे. आपल्या भाषेची इतकी जुनी ओळ दगडावर आहे ती एका नग्न पुरुषाच्या पायाशी. तिथे आजीआजोबा नातवंडांना घेऊन जातात आणि कुणाच्याही कानाच्या पाळ्या लाल होत नाहीत.

पण तक्रार खरी आहे. विशेषतः युरोपी परंपरेत रंगवणारा, विकत घेणारा आणि बघणारा, तिघेही बहुधा पुरुष होते. 'गुरिला गर्ल्स' या अमेरिकी चित्रकर्तींच्या गटाने १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमवर पोस्टर काढलं: आधुनिक कलेच्या दालनांत बाया चित्रकार ५ टक्क्यांहून कमी आणि नग्नचित्रांतल्या बाया ८५ टक्के. त्याच्या किती आधी, १९३४ साली, अमृता शेरगिलने स्वतःलाच अर्धअनावृत ताहिती स्त्रीच्या रूपात रंगवलं. मागच्या भिंतीवर पुरुषाची सावली पडली आहे आणि ती त्या सावलीकडे बघतही नाही. मला ते चित्र म्हणजे या प्रश्नाचं उत्तर वाटतं.

१०. कायदा काय सांगतो? असं चित्र काढलं, लावलं तर गुन्हा होतो का?

मी वकील नाही, ढोबळ सांगते. पूर्वीचं भादंवि कलम २९२ आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहितेत कलम २९४ झालं आहे. अश्लील वस्तू विकणं, प्रदर्शित करणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड. पण विज्ञान, साहित्य, कला, विद्या यांसाठी लोकहिताचं असलेलं, खऱ्या धार्मिक हेतूचं, आणि प्राचीन स्मारकं, देवळं, रथ यांवरचं शिल्प-चित्र यांना सूट आहे. अडचण 'अश्लील' कशाला म्हणायचं इथे येते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने १८६८ ची जुनी इंग्रजी कसोटी सोडली आणि आजच्या समाजाची सर्वसाधारण धारणा व चित्राचा एकूण आशय बघायचा असं ठरवलं.

मुंबईत हा वाद जुना आहे. 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवणाऱ्या र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील डॉ. आंबेडकर होते. १९५४ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत अकबर पदमसींचं 'लव्हर्स' उतरवायला पोलीस आले, त्यांनी नकार दिला, अटक झाली आणि ते निर्दोष सुटले. पुढचा भाग वाचून मी हसू की रडू असं झालं. २०२३ मध्ये कस्टम्सने परदेशातून आलेल्या सात कलाकृती 'अश्लील' म्हणून अडवल्या, गोव्यातल्या साळगावच्या चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझांच्या आणि त्याच पदमसींच्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. तोवर दोघेही हयात नव्हते.

११. देवीला विवस्त्र दाखवणं तरी चुकीचंच ना?

इथे मी ठाम बोलत नाही, कारण दोन्ही बाजूंना आपलीच परंपरा आहे. कालिदासाने 'कुमारसंभवा'च्या आठव्या सर्गात शिवपार्वतीचा शृंगार मनसोक्त रंगवला. काही शतकांनी मम्मट या काव्यशास्त्रकाराने त्यावर बोट ठेवलं: देवांच्या जोडीचा संभोग वर्णन करणं म्हणजे आपल्याच आईबापांचा करण्यासारखं, ते अनुचित. म्हणजे आक्षेप आजचा नाही आणि घेणारा अडाणीही नाही. पण तो ग्रंथातला ग्रंथात घेतला होता.

पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्यावर अशाच चित्रांवरून झालेले खटले २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केले, तरी परदेशी गेलेले ते परतले नाहीत आणि २०११ मध्ये लंडनला वारले. तुम्हाला त्यांचं चित्र खटकलं तर खटकलं म्हणा, का ते लिहा. मलाही त्यांची काही चित्रं घाईची वाटतात.

१२. चित्र ठीक आहे. पण फोटोला कला कसं म्हणायचं?

कारण हात लागलेला दिसत नाही म्हणून शंका येते. प्रश्न १० मधला २०१४ चा निकाल फोटोचाच होता. टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची वाग्दत्त वधू यांचा, तिच्या वडिलांनी काढलेला, वर्णद्वेषाविरुद्ध बोलणारा. तो अश्लील नाही असं न्यायालय म्हणालं. फोटोत संमतीचा प्रश्न मात्र दसपट कडक होतो, कारण चित्रातली मावशी रस्त्यात कुणी ओळखत नाही, फोटोतली ओळखतात. काढायला होकार म्हणजे इन्स्टाग्रामवर टाकायला होकार नव्हे. प्रश्न ६ मधलं सगळं इथे लागू, शिवाय ते लेखी असावं.

१३. ओळखीच्या मुलीच्या चेहऱ्यावरून एआयने न्यूड केलं. खरं शरीर नाहीच, मग हरकत काय?

हरकत आहे, आणि गुन्हाही होऊ शकतो. यात कुणी कुणाला पाहिलेलं नाही, फक्त नागवलं आहे. अठराच्या खालची असेल तर पोक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदाही येतो. याला कला म्हणून मला पुन्हा पाठवू नका.

१४. मुलांना अजिंठा, खिद्रापूर दाखवताना काय सांगू?

ती विचारतील तेवढंच. सातवीतल्या मुलाने मला विचारलं होतं, "हिला नाक का नाही?" बाकी काही त्याने पाहिलंच नव्हतं.

१५. असं चित्र घरात लावावं का? सासूबाई काय म्हणतील?

दिवाणखान्यात कुणाला दाखवायला लावणार असाल तर नको. रोज येताजाता बघणार असाल तर लावा, जागा कुठली ते घरातल्यांशी बोलून ठरवा. शाळकरी मुलांचे मित्र येतात त्या खोलीत मी लावणार नाही.

माझ्याकडे मावशींचा एक कोळशातला अभ्यास आहे, पाठमोरा, एका हातावर भार टाकून बसलेल्या. लग्नानंतर बरीच वर्षं तो गुंडाळून कपाटावर होता. एकदा साफसफाईत सासूबाईंनी उघडला. मी स्वयंपाकघरात, अंगाला दरदरून घाम. बराच वेळ बाहेरून काही आवाज नाही. मग त्या दारात आल्या, कागद हातात तसाच. म्हणाल्या, "किती वेळ बसवलं होतंत गं हिला अशी? मनगट धरलं असेल बाईचं."